शला चिकटलेला य

आमचे भाऊजी काय काम करतात हे लोकांना समजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. माझं लग्न ठरलं तेव्हा माहेरी एवढंच कळलं होतं की मुलाचा धाकटा भाऊ खोऱ्याच्या ऑफिसात आहे. माझ्या आईला खोरं म्हटलं की माती ओढायचं खोरंच ठाऊक. तिने शेजारीपाजारी सांगून टाकलं की मुलीच्या दिराचं लोखंडी सामानाचं बरं चाललंय. लग्नानंतर ती पहिल्यांदा आमच्याकडे आली ती बागेसाठी एखादं खोरं मिळेल का, असं विचारतच. भाऊजींनी तिला समोर बसवलं आणि स्वतःचा तळहात पुढे केला. ही मधली रेघ म्हणजे नदी, या बारक्या रेघा म्हणजे तिला मिळणारे ओढे, आणि जिथल्या जिथल्या पाण्याचा थेंब शेवटी मधल्या रेघेत येतो तो अख्खा तळहात म्हणजे नदीचं खोरं. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे मिळणार नाही का.

तर भाऊजी त्या खोऱ्यात मासे मोजतात. ऑफिसची एक होडी आहे, एक जाळं आहे, एक मोजपट्टी आहे. मासे धरायचे, कोणत्या जातीचे ते लिहायचं, लांबी घ्यायची आणि परत पाण्यात सोडायचे. हे परत सोडणं आमच्या सासूबाईंच्या डोक्यात आजवर शिरलेलं नाही. मुलगा रोज नदीवर जातो आणि मासळी आम्ही बाजारातून आणतो, म्हणजे घोडं कुठे पेंड खातंय ते तुम्हीच सांगा, असं त्या येईल त्याला ऐकवतात.

स्वभावाने म्हणाल तर माणूस इतका भिडस्त की चहात साखर घालायला विसरलं तरी "छान झालाय" म्हणून पिऊन टाकेल. माशांशीसुद्धा अहोजाहो करतात. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, मोजपट्टीवर मासा ठेवून "जरा सरळ होता का" असं विचारताना. भीड भिकेची बहीण, हे मी त्यांना इतक्यांदा सुनावलंय की आता मी "भीड" म्हटलं की पुढचं तेच पूर्ण करतात आणि वर माझे आभार मानतात. अशा माणसावर रागवायचं तरी कसं. मी रागावतेच, ती गोष्ट वेगळी.

त्यांचा जीव मात्र एकाच माशावर. जुन्या पुलाच्या खाली नदी वळते तिथे तळाशी बसून राहणारा तपकिरी, चपटा, चार मिशांचा मासा. भाऊजी त्याला मिशीवाला म्हणतात. दिसायला कुरूप, खायला नुसते काटे, विकायला गेलं तर मांजरही वास घेऊन पुढे जाईल. पूर्वी वळणावर जाळं टाकलं की डझनांनी यायचे. मग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. वळणावर जाऊन आले की त्या दिवशी भाऊजी ताटात बोटं फिरवत बसायचे. पाण्यात काय बिघडलंय ते प्रयोगशाळेने एकदा बघावं, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते मागायला तोंड उघडेल तर शपथ.

अशात ऑफिसला नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की खोरं एवढं मोठं, आपण एवढेसे, सगळंच बघायला गेलं तर धड काहीच होत नाही. तेव्हा पाण्याचं आणि पाण्यातल्या जिवांचं आधी काय तपासायचं, मग काय तपासायचं, याची क्रमवार यादी करू आणि वरच्या कार्यालयाकडे पाठवू. प्रत्येकाने आपला विषय एका ओळीत द्यायचा. यादीत जे नसेल ते काम बंद. मासे यादीत आले नाहीत तर मोजणी थांबणार होती आणि होडी दुसऱ्या कार्यालयाला जाणार होती.

भाऊजी त्या संध्याकाळी माझ्या शिवणयंत्राशेजारी येऊन उभे राहिले. मी पडदे शिवते, घरातच. त्यांना काही हवं असलं की ते यंत्राशेजारी उभे राहतात आणि मी विचारीपर्यंत दोऱ्याची रिळं रंगवार लावत बसतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळी लावून झाली तेव्हा म्हणाले, "वहिनी, ते संपले तरी कोणाला कळणार नाही हो."

मी यंत्र थांबवलं. त्या रात्रीचं जेवण आम्ही ती एक ओळ लिहिण्यात घालवलं. सासूबाईंचं म्हणणं, लिही, मासे मरतायत, डोळे फुटले काय तुमचे. आमचे हे लोकांना गाडी चालवायला शिकवतात, त्यामुळे यांच्या प्रत्येक वाक्यात ब्रेक आणि आरसा येतो. यांनी सुचवलं, आता ब्रेक दाबला नाही तर पुढे खड्डा आहे. माझी ओळ जरा बरी होती पण त्यात एक शिवी होती. शेवटी भाऊजींनीच लिहिलं, "नदीतील माशांचा अभ्यास तातडीने व्हावा." साधी, सरळ, कोणाला न दुखवणारी ओळ. घात होतो तो अशाच ओळींनी.

ऑफिसातला प्रत्येक कागद टाइप करतात त्या बाईंना सगळे शुद्धलेखनबाई म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. रजेच्या अर्जात वेलांटी चुकली म्हणून त्यांनी अर्ज परत पाठवलेले आहेत. त्यांच्या धाकाने लोक आजारीसुद्धा नीट ऱ्हस्वदीर्घ बघून पडायचे. या बाईंच्या टेबलाला लागून खिडकी, आणि खिडकीखाली कचऱ्याचे डबे. दिवसभर त्यांच्याभोवती माश्या घोंघावायच्या. तक्रारी करून बाई थकल्या होत्या. त्यांच्या हातात भाऊजींची ओळ पडली आणि त्यांना वाटलं, देवा, अखेर कोणीतरी माझं ऐकलं. फक्त बिचारा लिहिताना य विसरला. मासा असेल तर "माशांचा", माशी असेल तर "माश्यांचा". त्यांनी मायेने तो य जोडला.

यादी वर गेली. वरून मंजूर होऊन, सही-शिक्क्यानिशी खाली आली. नदीतील मा-श्यां-चा अभ्यास पहिल्या क्रमांकावर. वरचे साहेब मागे एकदा नदीची पाहणी करायला आले होते आणि काठावर जेवायला बसले असता माश्यांनी त्यांना एक घास सुखाने खाऊ दिला नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं.

भाऊजींनी मंजुरीचा कागद पुरता वाचलाच नाही. पहिला क्रमांक बघितला आणि सगळ्यांसाठी आइस्क्रीम घेऊन धावत घरी आले. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पहिल्यांदा पाहिलं. सासूबाईंनी चष्मा लावला आणि कागद मोठ्याने वाचायला घेतला. दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि म्हणाल्या, "अरे, तू तर माश्या मागितल्यास."

कागद हातोहात फिरला. म्हणतात ना, कुठे माशी शिंकली कोण जाणे. आमच्याकडे ती कुठे शिंकली ते स्वच्छ दिसत होतं, शच्या अगदी अंगाला चिकटून. भाऊजी कागदाकडे बघत राहिले आणि त्यांचं आइस्क्रीम वितळून मनगटावर आलं. मी म्हटलं, उद्या जा आणि सरळ सांगा.

गेले. बाईंनी त्यांना पुस्तक उघडून नियम दाखवला आणि आपला य कसा बरोबर आहे ते सिद्ध केलं, आणि भाऊजी "बरं" म्हणाले. मग साहेबांकडे गेले. साहेबांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते म्हणाले की वरून आलेल्या कागदाला व्याकरण नसतं. तो बदला म्हणणं म्हणजे वरच्यांना चुकलात म्हणणं. यंदा माश्या करा, वर्षअखेरीला नवी यादी होईल तेव्हा बघू, होडी तोवर राहू दे. यावरही भाऊजी "बरं" म्हणाले. शिवाय साहेबांनी दिलेला चहा पिऊन आले. मी त्या दिवशी त्यांच्याशी जेवेपर्यंत बोलले नाही, आणि जेवताना बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

होडी काठावर उलटी घातली गेली. तिचा झाकणपडदा मीच शिवून दिला. आणि आमच्या घरात माश्यांचं वर्ष सुरू झालं.

मी पडद्याच्या जाळीदार कापडाची, लांब दांड्याची जाळी शिवली. ती घेऊन भाऊजी काठावरच्या गवतात उड्या मारायचे आणि पाण्यात पडायचे. मासे धरणाऱ्या माणसाच्या हाताला जड जाळ्याची सवय, माशी म्हणजे वाऱ्याची बहीण. ऑफिसने चिकट कागद दिले होते, माश्या आपोआप येऊन बसाव्यात म्हणून. भाऊजींनी ते सुकवायला म्हणून खुर्चीवर ठेवले. माश्या आल्या नाहीत, सासूबाई येऊन बसल्या. त्यांना सोडवायला कोमट पाणी, तेल आणि अखेर माझी कात्री लागली. एका गिऱ्हाइकाचा तयार पडदाही त्यात गेला, आणि ती बाई पुन्हा माझ्याकडे आलेली नाही.

याच सुमारास लांबच्या एका नातलगांनी भाऊजींसाठी स्थळ सुचवलं. वय झालं होतं, पण मुलगीही काही कोवळी नव्हती, जमण्यासारखं होतं. मुलीचे काका घरी आले. चहा झाला, हवापाण्याचं बोलणं झालं. काकांनी विचारलं, मुलगा नेमकं काय करतो. मी आतून कपबशा ठेवून धावेपर्यंत सासूबाईंनी अभिमानाने सांगूनही टाकलं होतं की ऑफिसात माश्या मारतो, आणि ऑफिसात त्याचा पहिला क्रमांक आहे. काका उठले. मी त्यांना फाटकापर्यंत समजावत गेले, पण जसजसं समजावत गेले तसतसे ते भराभर चालायला लागले.

एका माणसाला मात्र आनंदी आनंद झाला होता. ऑफिसात नव्यानेच आलेल्या शास्त्रज्ञ मॅडम. त्या भाऊजींना भेटून म्हणाल्या की तुम्ही किती दूरचा विचार केलात. साखरेवर बसणाऱ्या माश्या वेगळ्या. नदीकाठी उडणाऱ्या कितीतरी माश्यांची पिल्लं आधी पाण्यात, दगडांखाली वाढतात. पाणी बिघडलं की पहिल्या त्या जातात. म्हणजे दगड उलटला की नदीची तब्येत कळते. भाऊजींना यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. ते लाजून "बरं" म्हणाले, आणि मॅडमना वाटलं, काय हा विनय.

मग दोघं मिळून दगड उलटायला लागले. मॅडम पिल्लं ओळखायच्या, भाऊजी दगड उचलायचे. तेवढं त्यांना जमत होतं. वरच्या अंगाला प्रत्येक दगडाखाली वळवळ असायची. पुलाखालच्या वळणावर मात्र दगडामागून दगड उलटले तरी खाली नुसता काळा गाळ. मॅडम म्हणाल्या, इथे तळाशी राहून ही पिल्लं खाणारा एखादा मासा असेल तर त्याचे हाल असणार. असा कोणता मासा आहे का, हे त्यांनी भाऊजींना विचारलं. भाऊजींनी घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा रिळं लावत नव्हते. नुसते उभे होते. मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत. म्हणाले, मला बोलताच आलं नाही.

वर्ष सरलं आणि नव्या यादीची बैठक ठरली. या खेपेला काठावरच्या लोकांनाही बोलावलं होतं, म्हणून मी आणि सासूबाई गेलो. आमचे हे आम्हाला सोडायला म्हणून आले आणि बसलेच. लांबट सभागृह, वर गरगर करणारे पंखे, आवाज घुमवणारा एक माइक. वरचे साहेब स्वतः आले होते. गोरेगोमटे, हसतमुख. त्यांनी सगळ्यांत आधी माश्यांचंच विचारलं. मॅडमनी दगडांचे निष्कर्ष सांगितले, वळणावर काही जगत नाही म्हणून सांगितलं, आणि सगळं श्रेय भाऊजींना देऊन टाकलं. टाळ्या पडल्या. सासूबाईंनी तर उभं राहून वाजवल्या.

वरचे साहेब खूश झाले. म्हणाले, हा विषय पुढच्या वर्षीही पहिल्या क्रमांकावर. आणि माश्यांना होडी लागत नाही, तेव्हा ती काठावर पडलेली होडी उद्याच्या उद्या दुसऱ्या कार्यालयाला देऊन टाका. यादी वाचून दाखवायला शुद्धलेखनबाई माइकपाशी उभ्याच होत्या.

मी भाऊजींकडे पाहिलं. म्हटलं, आता "बरं" म्हणाले तर भर सभेत ओरडेन. ते उठले.

"साहेब, मी माशांचा अभ्यास मागितला होता," ते म्हणाले.

साहेब म्हणाले, तोच तर तुम्ही केलात, उत्तम केलात. भाऊजी म्हणाले, नाही साहेब, माशांचा. साहेब म्हणाले, मीही तेच म्हणतोय, माशांचा. आता कानाला दोन्ही सारखंच, बोलताना कोण कुठे य लावतं. एकदा भाऊजी म्हणाले माशांचा, एकदा साहेब म्हणाले माशांचा, आणि लोक टेनिस बघावं तसे मान वळवायला लागले. मागून आमचे हे ओरडले, रिव्हर्स घे, रिव्हर्स घे. शेवटी भाऊजींनी हात पोहल्यासारखा हलवून दाखवला. साहेबांना वाटलं, माशी उडतेय.

भाऊजी खाली बसायच्या बेतात होते. मी त्यांना ओळखते, गुडघे वाकलेच होते. तेवढ्यात माइकमधून आवाज आला.

"चूक माझी आहे," शुद्धलेखनबाई म्हणाल्या. "त्यांनी मासे लिहिले होते. य मी जोडला. शुद्धलेखनात चूक नव्हती. अर्थामध्ये होती."

या बाईंना चुकल्याचं कबूल करताना ऑफिसात कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, पण त्या माइकसमोरून बाजूला झाल्या नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की वर्षभर त्यांना दिलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या. सगळ्या नाही, बऱ्याचशा.

आणि मग भाऊजी बोलले. वळणावर दगडाखाली काही उरलेलं नाही, हे मॅडमनी दाखवलंय. तिथे एक मासा राहायचा. दिसायला काही खास नाही, कोणी खातही नाही. तो आहे की गेला, ते मला वर्षभर माहीत नाही. मला फक्त होडी हवी आहे. एवढं बोलले आणि सवयीने "आभारी आहे" म्हणून बसले.

वरच्या साहेबांनी आधी खालच्या साहेबांकडे पाहिलं. खालचे साहेब टेबलाच्या लाकडाचं निरीक्षण करत होते. मग वरच्या साहेबांना हसू फुटलं, आधी पोटातल्या पोटात, मग मोठ्याने. त्यांनी बाईंकडून यादी मागून घेतली, पेन काढलं आणि य खोडायला गेले. मॅडम ताडकन उठल्या. माश्या काढायच्या नाहीत, मासे त्यांच्यावरच जगतात, म्हणाल्या. तेव्हा यादीत दोन्ही राहिलं, माशांचा व माश्यांचा, आणि वळणावरचं पाणी प्रयोगशाळेने तपासायचं, हेही जोडलं गेलं. ते बाईंनी स्वतःच्या हाताने, न थांबता लिहिलं.

होडी सुलटी झाली त्या सकाळी मीही गेले. मी शिवलेला पडदा काढायला म्हणून गेले होते, पण कोणी नको म्हटलं नाही म्हणून आत बसले. शुद्धलेखनबाईही आल्या होत्या. ज्या जिवावरून एवढं झालं तो निदान बघावा तरी, असं त्यांचं म्हणणं. पाटावर अंग चोरून बसल्या होत्या आणि दर हेलकाव्याला डोळे मिटत होत्या. पुलाखाली वळणावर भाऊजींनी वल्हं थांबवलं आणि जाळं टाकलं. बराच वेळ थांबले. मग ओढलं.

जाळ्यात शेवाळ आलं, एक चप्पल आली, बोटभर लांबीचे दुसरेच दोनचार मासे आले. मिशीवाला नव्हता. बाई विचारत होत्या, यातला कोणता, यातला कोणता, आणि मी त्यांना डोळ्यांनी गप्प बसवत होते. वर्षभराची पळापळ, ती माश्यांची थट्टा, मोडलेलं स्थळ, सगळं कशासाठी, तर हे बघायला. भाऊजींनी आलेले मासे एकेक करून मोजले, सोडले, आणि मिशीवाल्याच्या पुढे शून्य लिहिलं. काळजीपूर्वक, गोल.

मी म्हटलं, "भाऊजी, उशीर झाला का हो?"

"माहीत नाही वहिनी," ते म्हणाले. "पण आता विचारायची परवानगी आहे."

आणि ते जाळं झटकून पुन्हा टाकायला उभे राहिले. होडी एका बाजूला कलली, बाईंनी डोळे गच्च मिटले, आणि मी उठून जाळ्याचं दुसरं टोक धरलं.